माझंच आहे हो, पण उघडत नाही

माझ्या दुकानात येणाऱ्या माणसाचं पहिलं वाक्य जवळजवळ ठरलेलं असतं. "ताई, माझंच आहे हो, पण उघडत नाही." आवाज खाली, नजर इकडेतिकडे. आपल्याच घराबाहेर उभं राहून शेजाऱ्याला दार उघडून द्यायला सांगावं, तशी लाज. मी म्हणते, "बसा आधी. पाणी घ्या. आता काही दाबू नका." कारण माझ्याकडे येईपर्यंत माणसाने घाबरून इतके चुकीचे आकडे दाबलेले असतात, की फोनसुद्धा रुसून बसलेला असतो.

पनवेलच्या एसटी स्टँडमागच्या गल्लीत माझा गाळा आहे. आधी तिथे यजमानांचा एसटीडी बूथ होता. मग सायबर कॅफे झाला, मग मोबाइल दुरुस्ती आली. यजमान गेल्यावर गल्लीतल्या लोकांना वाटलं, बाई आता गाळा भाड्याने देईल. मी दिला नाही. काच बदलणं, बॅटरी बदलणं, मुलांचे कॉलेजचे अर्ज भरून देणं, हे चालूच असतं. पण हल्ली जास्त गर्दी असते ती पासवर्ड विसरलेल्यांची.

लोकांना वाटतं आमच्याकडे एखादी गुप्त किल्ली असते. नसते. ईमेल किंवा बँकेचा पासवर्ड विसरला तर तो कुणी शोधून देत नाही. तुमच्या नंबरवर ओटीपी येतो, तो टाकून नवा करायचा. जुना गेला तो गेलाच. फोनचा स्वतःचा लॉक विसरलात तर त्याहून वाईट. फोन सगळा पुसून कोरा करता येतो, पण आतलं वाचवता येत नाही. हे सांगताना मला आजही जड जातं. एकदा एक तरुण बाई दिराबरोबर आली होती. नवरा अचानक गेला होता. नव्या घराचं काम चालू असताना त्याने खोल्याखोल्यांतून फिरत एक व्हिडिओ काढला होता, इथे ओटा, इथे कपाट, असं बोलत. तो त्याच्या फोनमध्ये होता आणि लॉक त्याच्याबरोबर गेला होता. मी तिला नीट समजावून सांगितलं. तिने फोनच्या काचेवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "पण बंद असला तरी आत आहे ना तो?" म्हटलं, "आहे." तिने फोन रुमालात गुंडाळला आणि म्हणाली, "मग राहू दे."

हसण्यासारखंही असतं पुष्कळ. चोराला कळू नये म्हणून लोक एटीएमचा आकडा फोनमध्ये कुणाच्या तरी नावाने ठेवतात. एका गृहस्थांच्या यादीत 'पिनमामा' होते. दुसऱ्या एकांनी कागदावर लिहून तो कागद कार्डाबरोबरच फोनच्या कव्हरात खोचला होता, म्हणजे चोराला शोधाशोध नको. आणि उरणजवळच्या करंजा बंदराचा एक नाखवा होता. माझं माहेर उरणकडचं, त्यामुळे तो माझ्याशी घरच्यासारखाच बोलायचा. फोनला बोट लावायचा आणि फोन काही त्याला घ्यायचा नाही. जन्मभर जाळं आणि खारं पाणी. बोटांवरच्या रेषाच झिजून गेल्या होत्या. चिडून म्हणाला, "बग, माजीच बोटं मना वळखत नाय!" त्याला मी आकड्यांचा साधा लॉक करून दिला.

माझे दोन नियम आहेत. गिऱ्हाईक पासवर्ड टाकत असलं की मी पाठ फिरवते. आणि दुकानात जे कळलं ते दुकानाबाहेर न्यायचं नाही. फोन हातात आला की माणसाचं काय काय आपोआप दिसतं, ते इथे सांगण्यासारखं नाही. हे दोन नियम पाळले म्हणून माझं दुकान टिकलं. त्यातला दुसरा मी एकदा मोडला. पेडणेकरकाकांसाठी.

पेडणेकरकाकांना मी आधी फक्त आवाजाने ओळखत होते. ते स्टँडवर वाहतूक नियंत्रक होते. कुठली गाडी कुठे लागणार, कधी सुटणार हे भोंग्यावरून सांगायचं त्यांचं काम. आमच्या गल्लीत दिवसभर त्यांचा आवाज यायचा. ठसठशीत, शब्द न शब्द सुटा. महाड म्हणताना 'ड' असा लावायचे की डबक्यात दगड पडावा. निवृत्त झाल्यावर ते कामोठ्याला राहायला गेले आणि एक दिवस नवा फोन घेऊन माझ्याकडे आले. तोंड उघडलं आणि मी म्हटलं, "अहो, तुम्हीच ना ते, स्टँडवरचे!" खूश झाले.

त्यांना फोनचं सगळं नीट समजून घ्यायचं होतं. प्रत्येक ठिकाणी वेगळा पासवर्ड ठेवायचा, हे मी सांगण्याआधी त्यांनीच मला सांगितलं. मी म्हटलं, "काका, एवढे लक्षात राहणार नाहीत. एका जागी सुरक्षित ठेवू या."

"का नाही राहणार? डेपोच्या सगळ्या गाड्यांच्या वेळा माझ्या डोक्यात होत्या. जाणाऱ्या, येणाऱ्या, जत्रेच्या जादा गाड्या धरून. कधी कागद बघितला नाही."

"तुमच्यासाठी नाही, तर निदान काकूंसाठी तरी ठेवा."

"तिला काय करायचंय? ती फक्त मुलीशी बोलते. तेवढा तिला तिचा फोन आहे."

पेपरात सिमकार्ड चोरीबद्दल काहीतरी वाचून त्यांनी सिमलाही लॉक टाकला होता. फोन बंद करून चालू केला की आधी सिमचा आकडा विचारणार, मग फोनचा. ते स्वतः घरी बसून शोधून केलं होतं, आणि त्याचा त्यांना अभिमान होता. मला त्यांचं कौतुकच वाटलं. या वयाची माणसं फोनला घाबरतात. हे त्याला शिस्त लावत होते.

मग ते अधूनमधून यायला लागले. ईमेल उघडत नाही. विजेच्या बिलाचं उघडत नाही. आम्ही नवा पासवर्ड करायचो आणि ते हसत हसत जायचे. पहिल्यांदा मी काही मनावर घेतलं नाही. विसरणाऱ्यांवरच माझं पोट आहे. पण त्यांचं येणं वाढत गेलं आणि हसणं कमी झालं. "कुणीतरी बदलतंय," असं म्हणायला लागले. मी तपासून दाखवायची, काका, बघा, कुणी बदललेला नाही. ते मान डोलवायचे, पण पटलेलं नसायचं.

एका दुपारी ते समोर बसले होते. ईमेलचाच पासवर्ड. ओटीपी त्यांच्या फोनवर आला आणि तो माझ्या कॉम्प्युटरवर टाकायचा होता. मी म्हटलं, "काका, वाचा आणि टाका." त्यांनी फोनकडे पाहिलं, आकडे मोठ्याने वाचले. मग मान वर करून कीबोर्डकडे पाहिलं. बोट अधांतरी राहिलं. पुन्हा फोन. पुन्हा मोठ्याने वाचले, त्याच ठसठशीत आवाजात. पुन्हा मान वर केली, आणि पुन्हा बोट तसंच. फोनपासून कीबोर्डपर्यंत वीतभर अंतर. तेवढ्यात ते आकडे कुठेतरी सांडत होते. मला वाटलं चष्म्याचं असेल. मी म्हटलं, "मी टाकू का?" तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ती नजर मी विसरलेली नाही. त्यांनाही कळलं होतं की हे चष्म्याचं नाही.

"टाक," म्हणाले. आणि बराच वेळ बाहेर गल्लीकडे बघत बसले.

त्यानंतर काही आठवड्यांनी ते आले ते तडक आत. खाली बसलेसुद्धा नाहीत. फोन पुढे केला आणि हळू आवाजात म्हणाले, "याला चांगला लॉक टाक. तिला उघडता येता कामा नये."

"कुणाला, काका?"

"घरात एक बाई असते. सारखी माझ्या मागे मागे असते. माझ्या वस्तू हलवते."

मी विचारलं, "काकू काय म्हणतात?"

"ती माहेरी गेलीय," म्हणाले. "येईल."

मी फोन हातात घेतला आणि उगाच पुसत राहिले. वेगळा लॉक काही टाकला नाही, होता तोच दाखवून म्हटलं, "हा पक्का आहे, काका. तुमच्याशिवाय कुणाला उघडणार नाही." त्यांना बरं वाटलं. खुणेने आभार मानून गेले. स्टँडवरच्या माणसासारखेच गेले, ताठ, गर्दीतून वाट काढत. पाठमोरं बघून कुणालाही वाटलं नसतं.

मी दोन दिवस कुणाला काही बोलले नाही. दुकानातली गोष्ट. त्यातून त्यांनी माझ्यावर विश्वास टाकून सांगितलेली. पण ती बाई कोण, हे मला समजत होतं, आणि ती बाई त्यांच्यासाठी रोज स्वयंपाक करत होती, त्यांचे कपडे धूत होती. शेवटी दुकानाच्या सुट्टीच्या दिवशी मी रिक्षा करून कामोठ्याला गेले.

काकूंनी दार उघडलं. सुलभाकाकूंना मी आधी दोनतीनदाच भेटले होते. शांत, नीटनेटक्या. काका आत झोपले होते. चहा झाला. मी म्हटलं, "काकू, काकांना एकदा डॉक्टरांना दाखवा."

"का? काय झालंय ह्यांना?"

"विसरतायत."

"या वयात कोण विसरत नाही? मी चष्मा डोळ्यावर असताना चष्मा शोधते."

"तसं नाही, काकू." आणि मग मी सांगितलं. घरात एक बाई असते, तिला फोन उघडता येऊ नये, असं म्हणाले.

काकू पटकन म्हणाल्या, "कामवालीबद्दल म्हणाले असतील."

"तुमच्याकडे कामवाली येते?"

काकू उठल्या. कपबशा उचलल्या आणि आत नेऊन ठेवल्या. बाहेर आल्या तेव्हा चेहरा कडक झालेला होता. "ताई, तुम्ही फोन दुरुस्त करता ना? मग फोनच करा. माणसांचं आमचं आम्ही बघू."

मी चप्पल घातली आणि खाली उतरले. त्यांचा राग मला आला नाही. मी त्यांच्या हातात जे ठेवून आले होते, ते कुणी आनंदाने घेतलं नसतं. पण त्यानंतर काका यायचे बंद झाले. मला वाटलं काकूंनीच पाठवणं बंद केलं. गल्लीत कुणाचा खर्जातला आवाज आला की मी मान वर करून बघायची.

मग एका सकाळी काकू दुकानाच्या पायरीवर उभ्या. केस विस्कटलेले, पायात दोन वेगळ्या चपला. "ताई, हे इकडे आलेत का?"

भल्या पहाटे दूध आणायला म्हणून बाहेर पडलेले, आलेच नव्हते. शेजारच्यांनी सेक्टरभर शोधलं होतं. फोन लावला तर बंद. मीही लावून पाहिला, बंदच. मी शटर ओढलं आणि काकूंचा हात धरून स्टँडवर गेले. मला वाटलं, माणूस सवयीने जिथे जाईल तिथेच गेला असेल. नियंत्रण कक्षात विचारलं; नव्या पोरांना काही माहीत नव्हतं. फलाटावर एकेका बाकाजवळ गेलो. काकू प्रत्येक पाठमोऱ्या म्हाताऱ्याला वळून बघत होत्या. पोलिसांकडे जायचं ठरवलं आणि निघालो, तेवढ्यात पेणकडून आलेली एक गाडी आत शिरली. ड्रायव्हरच्या मागच्या पहिल्या सीटवर काका बसले होते.

ड्रायव्हर उतरला. निवृत्तीला आलेला, जुना माणूस. त्याने काकांना हात देऊन उतरवलं. म्हणाला, "साहेब पळस्प्याला होते. फाट्यावरच्या चहावाल्यानं हात दाखवून गाडी थांबवली."

चहावाला त्याला काय म्हणाला, तेही त्याने सांगितलं. "बाबा सकालधरनं बसलेत. नाव सांगतात, घर नाय सांगत. फोन हाय, पन चार्ज नव्हता. मी लावला चार्जिंगला, तर तो नंबर मागतो. त्यांनीच काय काय दाबला, आता तो कायमचाच बंद झाला. पन येनाऱ्या-जानाऱ्या एसटीचा सगला सांगतात, ही कुठली, ती कुठली. म्हनून म्हटला, तुमी वलखत असाल."

"मी खिडकीतून बघितलं," ड्रायव्हर म्हणाला, "आणि म्हटलं, अरे, हे तर आपले पेडणेकर साहेब! यांनी मला किती वेळा झापलंय उशिरासाठी."

काका फलाटावर उभे होते. आघाड्याच्या काट्यांनी पायजमा भरला होता. गाडीकडे बघत नाराजीने म्हणाले, "उशीर आहे हिला."

ड्रायव्हरने टोपी काढली. "हो साहेब. चुकलं."

काकूंनी काकांचा हात धरला. त्यांनी तो सोडवून घेतला नाही. काकू रडल्या नाहीत. फक्त त्यांच्या पायजम्याचे काटे खाली वाकून एकेक काढत राहिल्या. माणसं बाजूने जात होती. उठताना मला म्हणाल्या, "तुम्ही त्या दिवशी सांगितलं होतंत." एवढंच.

मी काकांचा फोन पाहिला. सिमचा आकडा चुकत चुकत सिम अडकलं होतं; ते मी नंतर कंपनीकडून सोडवून घेतलं. चोराच्या भीतीने घातलेलं कुलूप. त्याने चोर कधी अडवला की नाही ठाऊक नाही, पण त्या सकाळी एका भल्या चहावाल्याला मात्र अडवलं. त्या दिवसापासून मी माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक वयस्कर माणसाच्या फोनवर, लॉक न काढताही दिसेल असा, घरच्यांचा नंबर घालून देते. आणि फोनच्या पाठीवर चिकटवूनही देते, कारण बॅटरी संपली की आतलं काहीच दिसत नाही.

डॉक्टर झाले, तपासण्या झाल्या. आजाराचं नाव कळलं. मुलगी, अनघा, बंगळूरहून आली. समंजस आणि भराभर काम उरकणारी. तिने मला फोन करून घरी बोलावलं. "ताई, बाबांचं सगळं त्यांच्याच डोक्यात आहे. पेन्शनचं खातं, विजेचं, गॅसचं, ईमेल. आईला यातलं काही माहीत नाही. तुम्ही सगळं रिसेट करून आईच्या हातात द्या. बाबांना विचारत बसलो तर काही होणार नाही."

तिचं चुकत नव्हतं. ओटीपी काकांच्याच फोनवर येणार, फोन घरातच. त्यांच्या हातून काढून घेतला की काम झालं. पण काकू ऐकेनात. "ह्यांना विचारून घ्यायचं. हिसकावून नाही."

"आई, त्यांना आठवणार नाही."

"आठवेल तेवढं देतील. उरलेलं मग बघू. पण आधी मागायचं."

सकाळी नाश्ता झाल्यावर ते त्यातल्या त्यात ताजे असतात, असं काकूंनी सांगितलं. तेव्हा आम्ही बसलो. जेवणाच्या टेबलावर मी माझा लॅपटॉप मांडला. काकूंच्या फोनमध्ये मी एक अॅप घालून दिलं होतं. बाहेरून त्याला एकच भक्कम पासवर्ड, तो काकूंनी ठरवायचा आणि विसरायचा नाही. आत बाकीचे सगळे बंद. तिजोरीच म्हणा. अनघाकडेही त्याची वाट ठेवली होती. घरातल्या दोन माणसांना उघडता आली पाहिजे, हे मी सगळ्यांनाच सांगते. एकाच्याच डोक्यात ठेवलेली गोष्ट सुरक्षित नसते, ती नुसतीच लपलेली असते.

काकूंनी विचारलं, "अहो, विजेच्या बिलाचा पासवर्ड काय ठेवलात?"

काका सावध झाले. "कशाला?"

"मला शिकायचंय. तुम्ही किती वर्षं करताय. आता थोडं मला करू द्या."

त्यांनी काकूंकडे बराच वेळ पाहिलं. त्या सकाळी ते बायकोला ओळखत होते. मग म्हणाले, "श्रीवर्धन." आणि पुढे एक वेळ सांगितली. मी टाकलं. उघडलं. अनघाने तोंडावर हात धरला.

पुढचा मुरूड निघाला. त्यापुढचा चुकला, तो आम्ही ओटीपीने नवा केला. मग आणखी एक जमला, तो महाड, आणि ते नाव घेताना तसाच 'ड' लागला. काकूंनी एकेक आपल्या फोनमध्ये घातला, चष्मा कपाळावर चढवून, एका बोटाने. प्रत्येक वेळी काका विचारत, "आता हा तुझा?" आणि काकू म्हणत, "आपला."

सगळं झाल्यावर काकू हसल्या. "बघ गं अनघा, सगळ्या गाड्याच. एवढी वर्षं संसार केला, माझ्या नावाचा एकसुद्धा नाही."

त्या थट्टेनेच म्हणाल्या होत्या. पण काकांनी मान वर केली आणि अगदी स्पष्ट, भोंग्यावर बोलायचे तसे म्हणाले, "तुझं नाव कसं ठेवणार? चोराने पहिल्यांदा तेच टाकून बघितलं असतं."

अनघा उठून बाल्कनीत गेली. मी लॅपटॉपकडे बघत राहिले. काकूंनी टेबलावर काही सांडलेलं नव्हतं, तरी फडक्याने पुसायला घेतलं.

शेवटचा राहिला तो त्यांच्या फोनचा लॉक. तो काही केल्या सांगेनात. "हा नाही. हा माझा आहे." मी म्हटलं, "सांगू नका, काका. तुम्हीच टाका. आम्ही बघत नाही." आम्ही तिघी भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिलो. आकडे त्यांच्या ओठांवर येत नव्हते, पण बोटांवर अजून होते. फोन उघडल्याचा आवाज आला. मग आणखी एकदा त्यांच्याकडून टाकून घेऊन मी लॉकचा आकडा काकूंच्या मनाचा केला, आणि काकांचं बोट होतं तसं ठेवून काकूंचंही बोट घेतलं. सिमचा लॉक काढून टाकला.

"माझं बोट चालतंय ना अजून?" काकांनी विचारलं.

"चालतंय."

"मग ठीक." आणि फोन खिशात टाकून ते झोपाळ्यावर जाऊन बसले.

माझ्या कामात यश म्हणजे काय, हे त्या दिवशी मला सांगता आलं नसतं. सगळं उघडलं होतं. पण खाली उतरताना जिन्यातच बसावंसं वाटलं.

आता काकू सगळं करतात. बिलं भरतात, पेन्शनचं बघतात, औषधं मागवतात. ज्या बाईला "तिला काय करायचंय" म्हटलं गेलं, ती आता सोसायटीतल्या बायकांना शिकवते. काकांच्या बोटाला फोन अजून उघडतो, पण कुठलं बोट लावायचं ते त्यांना सुचत नाही. बहुतेक वेळा ते फोन हातात धरून नुसता उलटसुलट करतात. चांगल्या सकाळी आता क्वचित येतात. काकू त्यांची वाट बघत नाहीत, असं म्हणतात.

संध्याकाळी कधीकधी काकू त्यांना रिक्षाने स्टँडपर्यंत आणतात. थोडं फिरवतात आणि जाताना माझ्याकडे टेकतात. मागच्याच आठवड्यात आले होते. काका माझ्या बाकावर बसले. मला ओळखलं नाही, पण जागा ओळखीची वाटली असावी. भिंतीवर टांगलेल्या कव्हरांकडे बघत निवांत होते. काकूंचा फोन अडकत होता म्हणून त्या तो हातात घेऊन खटपट करत होत्या. त्यांच्या कपाळावर आठ्या होत्या.

काकांनी त्यांच्याकडे पाहिलं. थोडे सरकले, त्यांना बसायला जागा करून दिली, आणि अनोळखी बाईशी बोलावं तशा अदबीने म्हणाले, "तुमचंही उघडत नाही का? काळजी करू नका, बाई. ही मुलगी चांगली आहे. इथलं तिथे करत नाही."

मला खाली बघावं लागलं.

काकू त्यांच्या शेजारी बसल्या. पदराने चष्मा पुसला, पुन्हा लावला. मग म्हणाल्या, "बरं झालं सांगितलंत. मी इथे नवीनच आहे."